सूट की तहकुबी? कर्ज, कायदा आणि कर्जदाराचे मन (थ्रेड)

१/
थोरल्या बाजीरावाचे नाव घेतले की पालखेड आठवते, भोपाळ आठवते, दिल्लीच्या वेशीवर पोहोचलेले मराठी घोडे आठवतात. याच बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या एका पत्रात मात्र निराळाच माणूस भेटतो. आपण कर्जाच्या नरकात पडलो आहोत, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी झिजली, अशा आशयाचे ते पत्र आहे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात त्याचा उतारा दिला आहे.

२/
पत्र ज्यांना लिहिले ते धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी पेशव्यांचे गुरू होते, तसेच त्यांना रकमा उसन्या देणारे धनकोही होते. म्हणजे एक ऋणको आपल्या धनकोपैकीच एकापाशी, कर्जाने मनाची काय दशा केली आहे, ते उघड करतो आहे. रणात न डगमगलेला सेनापती तगाद्यापुढे मोडून पडल्याची कबुली देतो, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

३/
यातून एक जुना प्रश्न उभा राहतो. मन आजारी असेल, खचले असेल, तर त्या कारणावर सावकाराने कर्ज सोडावे, निदान थांबावे, असे म्हणता येते का? आणि इतिहासात कायद्याने त्याला काय उत्तर दिले? आजचा थ्रेड याविषयी.

४/
आधी दोन शब्द समजून घेऊ. आपल्या महसुली भाषेत दुष्काळात दोन प्रकारचे दिलासे असत. ‘सूट’ म्हणजे रक्कम कायमची माफ. ‘तहकुबी’ म्हणजे वसुली पुढे ढकलणे. देणे उभेच राहते. कर्जाच्या साऱ्या इतिहासात हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

५/
शिवाय कर्जदाराच्या मनाबद्दल कायदा तीन वेगवेगळ्या वेळी प्रश्न विचारू शकतो.
कर्ज घेताना तो शुद्धीवर होता का?
तगादा सोसताना त्याच्या मनावर काय गुदरले?
फेडीची वेळ आली तेव्हा त्याचे मन धड होते का?
पहिला प्रश्न फार प्राचीन आहे. तिसरा मात्र कालपरवाचा आहे.

६/
सर्वांत जुन्या दाखल्यापासून सुरुवात करू. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातील बाबिलोनचा राजा हम्मुराबी. त्याच्या संहितेतील ४८ वे कलम म्हणते की वादळाने शेत बुडाले किंवा पाण्यावाचून पीक आले नाही, तर कर्जदाराने त्या वर्षी सावकाराला धान्य देऊ नये, त्या वर्षाचे व्याजही देऊ नये आणि कर्जाची मातीची पाटी पाण्याने भिजवावी. आभाळ कोपले तर तहकुबी मिळे. मन कोपले तर काय, याविषयी या कलमात काही नाही.

७/
आता आपल्याकडे येऊ. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती, दोन्हींत सांगितले आहे की काही अवस्थांत माणसाने केलेला व्यवहार सिद्ध होत नाही. नशेत असलेला, उन्मादाने ग्रासलेला, रोगाने पीडलेला आणि अजाण बालक ही नावे दोन्ही याद्यांत आहेत. याज्ञवल्क्याने त्यांत ‘व्यसनी’ हा आणखी एक शब्द घातला.

८/
या शब्दाचा अर्थ आजच्यासारखा दारूबाज असा घेऊ नये. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी (१०७६–११२६), विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यावर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. पुढे मुंबई इलाख्यातील हिंदू कायद्याचा मोठा आधार हीच टीका ठरली.

९/
विज्ञानेश्वर सांगतो की प्रिय माणसाचा वियोग किंवा नको ते पदरी पडणे, यातून जे दुःख होते ते व्यसन, आणि त्या दुःखात बुडालेला तो व्यसनी. उन्मादाचेही तो वात, पित्त, कफ, सन्निपात आणि ग्रहबाधा असे पाच प्रकार देतो. म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा हा विधिज्ञ वेड आणि शोक या दोन निराळ्या अवस्था मानतो, आणि दोहोंत केलेला व्यवहार टिकत नाही असे म्हणतो.

१०/
घरातले माणूस गेल्याच्या दुःखात ज्याने समोर आलेल्या कागदावर सही केली, त्याला यातून वाट होती. पण हा दिलासा पहिल्या प्रश्नापुरताच आहे. कर्ज घेताना माणूस ठणठणीत होता आणि नंतर त्याचे मन ढासळले, तर?

११/
इथे शास्त्राचे उत्तर कठोर होते. बृहस्पतिस्मृतीच्या मते बाप जन्मांध, उन्मत्त, क्षयी किंवा कोडी असेल, तर तो जवळ असतानाही त्याचे सिद्ध झालेले कर्ज मुलांनी फेडावे. बाप संकटात बुडाला तर देणे मुला-नातवांनी द्यावे, असे याज्ञवल्क्यही म्हणतो. आजारी माणूस सुटे. कर्ज मात्र सुटत नसे, ते पुढच्या पिढीच्या डोक्यावर बसे.

१२/
२८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे बाजीराव वारला, तेव्हा कर्जाचा मोठा डोंगर नानासाहेबाच्या वाट्याला आला. वारशाने आलेल्या कर्जाचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागत नाही.

१३/
या कठोरतेला एक बांध होता, तो ‘दामदुप्पट’ या नियमाचा. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये. पुढे १८६६ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली. बापाचे ऋण फेडण्याचे मुलाचे धार्मिक कर्तव्य तर २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने पुढच्या कर्जांपुरते संपवले.

१४/
आता दुसरा प्रश्न, तगाद्याचा. धनको ऋणकोच्या दारात ‘धरणे’ धरून बसे. स्वतः उपाशी राही आणि घरातल्यांनाही जेवणे अवघड करी. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेला इंग्रज अधिकारी ब्रॉटन याने आपल्या पत्रांत या प्रथेचे वर्णन केले आहे. हाताने मारहाण नाही, शस्त्र नाही. सारा मारा मनावर. दारात ब्राह्मण उपाशी मेला तर पाप लागेल, हे भय हीच वसुलीची यंत्रणा होती.

१५/
१८६० च्या भारतीय दंड संहितेने हा प्रकार ओळखला. दैवी कोपाचे भय घालून एखाद्याकडून काही करवून घेणे कलम ५०८ ने गुन्हा ठरवले, आणि त्या कलमाखाली दिलेले उदाहरण नेमके दारात धरणे धरून बसणाऱ्याचे आहे. देणे खरे असले तरी ते वसूल करण्यासाठी माणसाच्या मनाचा छळ करता येणार नाही, ही समज या कलमाने लेखी कायद्यात आणली.

१६/
या कथेत एक सावकारही आहे, ज्याचे स्वतःचेच मन पालटले. देहूच्या तुकोबांच्या घरात पिढीजात व्यापार आणि सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले. चरित्रपरंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी कर्जखतांची वाटणी केली. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली.

१७/
हम्मुराबीच्या कलमात पाटी पाण्याने भिजते. इथे खते पाण्यात बुडतात. फरक असा की तिथे राजाज्ञेने वर्षापुरती तहकुबी होती, तर इथे सावकाराने आपणहून दिलेली पुरती सूट. आणि भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही, हेही ध्यानात घ्यावे. सूट आपल्या हक्काचीच देता येते, दुसऱ्याच्या नव्हे.

१८/
आता थोडे इंग्लंडकडे वळू, कारण आपला आजचा करार कायदा त्याच मुशीतून आला. १६०३ च्या बेव्हर्लीच्या खटल्यात, एका कर्जरोख्याच्या वादात, एडवर्ड कोकने एक चमत्कारिक नियम नोंदवला. सज्ञान माणसाला ‘मी तेव्हा वेडा होतो’ असे सांगून स्वतःचा रोखा मोडता येणार नाही. आपल्याच बुद्धीला कमीपणा आणणारा बचाव त्याने स्वतः करू नये.

१९/
म्हणजे वेडाच्या भरात रोखा लिहून दिलेला माणूस बरा होऊन कोर्टात आला की त्याचे तोंड बंद. पुढे ब्लॅकस्टोनने १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्याच्या दुसऱ्या खंडात या नियमावर टीका केली. विज्ञानेश्वराचा शोकाकुल कर्जदार जिथे सुटला असता, तिथे पाचशे वर्षांनंतरच्या लंडनमध्ये अडकला असता.

२०/
आणि अडकणे म्हणजे खरोखर तुरुंगात अडकणे. मार्शलसी, फ्लीट, किंग्ज बेंच ही कर्जदारांच्या तुरुंगांची नावे. १८२४ मध्ये चार्ल्स डिकन्सचे वडील एका बेकरीवाल्याच्या ४० पौंडांच्या देण्यापायी मार्शलसीत गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला होता. ती जखम त्याच्या मनातून कधी गेली नाही; ‘लिटल डॉरिट’ ही त्याची कादंबरी त्याच तुरुंगाभोवती फिरते. १८६९ च्या कायद्याने तिथे कर्जापायी होणारी कैद बहुतांशी बंद झाली.

२१/
१८९२ चा इंपीरियल लोन कंपनी विरुद्ध स्टोन हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. स्टोनने एका वचनचिठ्ठीवर जामीन म्हणून सही केली होती. सही करताना तो मनाने ठिकाणावर नव्हता, हे ज्यूरीला पटले. तरी अपील न्यायालयाने म्हटले की तेवढे पुरे नाही. समोरच्या पक्षाला ते ठाऊक होते, हेही सिद्ध झाले पाहिजे. आजारी माणसाने आपला आजार आणि वर सावकाराचे ज्ञान, दोन्ही शाबीत करायचे!

२२/
भारतात मात्र त्याआधीच निराळी वाट पडली होती. १८७२ च्या भारतीय करार कायद्याची कलमे ११ आणि १२ सांगतात की करार करताना माणूस स्वस्थचित्त हवा. म्हणजे व्यवहार समजण्याची आणि त्यात आपले हित-अहित काय, याचा विचार करण्याची क्षमता हवी. ती नसेल तर करार शून्यवत. सावकाराला कल्पना होती की नव्हती, हा मुद्दाच येत नाही.

२३/
कलम १२ ची उदाहरणे तर फार मानवी आहेत. वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण मध्येच शुद्धीवर येतो, त्या काळात तो करार करू शकतो. उलट, शहाणा माणूस तापाच्या भ्रमात असेल किंवा दारूने बेभान असेल, तर तेवढा वेळ तो करार करू शकत नाही. वेड हा माणसावर मारलेला कायमचा शिक्का नाही, ती येणारी-जाणारी अवस्था आहे, हे कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी मान्य केले.

२४/
कागदावर हे ठीक होते. पण दख्खनच्या शेतकऱ्यापुढे सावकार निरक्षर अंगठ्याचा रोखा ठेवी आणि कोर्ट रोख्यापलीकडे पाही ना. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक उठले. त्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या, आणि लोण पुणे-नगर भागात पसरले.

२५/
चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आता न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासायचा होता, हिशेब पुन्हा मांडायचा होता. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद करणेही बंद झाले. कर्जदाराच्या परिस्थितीकडे पाहायला कोर्ट शिकले. त्याच्या मनाकडे पाहण्याची पाळी अजून यायची होती.

२६/
ती वीस वर्षांनी आली. १८९९ मध्ये करार कायद्याचे कलम १६ नव्याने लिहिले गेले. वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची विचारशक्ती कायमची किंवा तात्पुरती क्षीण झाली आहे, अशा माणसाशी करार करणारा पक्ष त्याच्यावर दबाव टाकू शकतो, असे त्यात मानले आहे. त्या दबावाचा गैरफायदा घेतला गेला असेल, तर करार रद्द करता येतो. ‘मानसिक क्लेश’ हे शब्द वाचताना विज्ञानेश्वराचा ‘व्यसनी’ आठवल्याशिवाय राहत नाही.

२७/
त्याच वर्षी कलम १९ अ आले. त्याचे उदाहरण पाहा. सावकार शेतकऱ्याला १०० रुपये देतो आणि दबाव आणून दरमहा ६ टक्के व्याजाने २०० रुपयांचा रोखा लिहून घेतो. कोर्ट तो रोखा रद्द करू शकते. मात्र शेतकऱ्याने १०० रुपये आणि न्याय्य वाटेल तेवढे व्याज परत द्यावे, असा हुकूम करू शकते. अन्यायाला सूट मिळत नाही, तशी खऱ्या मुद्दलालाही मिळत नाही.

२८/
एव्हाना लक्षात आले असेल की हे सारे कर्ज घेण्याच्या क्षणाविषयी आहे. फेडीच्या वेळच्या मनाचा प्रश्न बाकीच राहिला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची पुसटशी चाहूल आहे. कलम ५९ प्रमाणे गंभीर आजाराच्या कारणावर कर्जदाराचे अटक वॉरंट रद्द करता येते, कैदेत असेल तर सोडता येते. पण त्याला पुन्हा अटक होऊ शकते. ही शुद्ध तहकुबी.

२९/
१९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरवले की केवळ देणे फेडता आले नाही म्हणून कर्जदाराला कैदेत टाकता येणार नाही. ऐपत असून टाळाटाळ, अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. ‘देत नाही’ आणि ‘देऊ शकत नाही’ यांतला भेद इथे स्पष्ट झाला. मनाचा आजार हा ‘देऊ शकत नाही’च्या बाजूला बसतो, हे ओळखायला मात्र आणखी काळ जावा लागला.

३०/
तिसरा प्रश्न समोरासमोर विचारला गेला तो इंग्लंडमध्येच, जिथे पूर्वी वेड्याचे तोंड बंद केले होते. २००८ मध्ये तिथे ‘कर्ज आणि मानसिक आरोग्य पुरावा अर्ज’ नावाचा नमुना वापरात आला. डॉक्टर किंवा समाजसेवक त्यात लिहून देई की या व्यक्तीला आजार आहे आणि त्याचा पैसे सांभाळण्यावर असा परिणाम होतो. धनकोने तो वाचून निर्णय घ्यायचा. कर्जमाफीची विनंती करायला प्रथमच एक सर्वमान्य कागद हाती आला.

३१/
मग ४ मे २०२१ रोजी इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदेशीर ‘उसंत योजना’ सुरू झाली. साध्या कर्जदाराला ६० दिवसांची उसंत. आणि मानसिक संकटावर उपचार घेणाऱ्याला ते उपचार चालू असेपर्यंत, शिवाय वर ३० दिवस. या काळात योजनेत येणाऱ्या कर्जांवर व्याज नाही, दंड नाही, तगाद्याचे पत्र नाही, जप्ती नाही. दाखला अधिकृत मानसिक आरोग्य व्यावसायिकाने द्यायचा.

३२/
इथेही कर्ज माफ होत नाही. उसंत संपली की देणे उभे. पण कर्ज घेताना शहाणा असलेला आणि नंतर आजारी पडलेला माणूस इथे कायद्याच्या नजरेत आला. देणे त्याच्या मुलांवर टाकून त्याला सोडलेले नाही. सावकाराच्या दयेवरही सोडलेले नाही. त्याला वेळ दिला आहे.

३३/
आपल्याकडे? मानसिक संकटाच्या काळापुरती वसुली आपोआप थांबवणारी अशी तरतूद भारतीय कायद्यात आजवर आलेली नाही. तुकडे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालील माणूस मानले. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांना सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करण्यास मनाई केली. दारातले धरणे मोबाइलमध्ये शिरले, त्यावरचा हा बांध.

३४/
म्हणून आज इथे कोणी बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे आजाराचे कारण सांगून जातो, तेव्हा मुख्यतः तो विनंती करतो. मुदतवाढ, हप्त्यांची फेरमांडणी, दंडव्याजात सूट, तडजोडीची रक्कम हे सारे धनकोच्या विवेकावर असते. ती विनंती लेखी असावी, डॉक्टरांचा दाखला जोडलेला असावा, आजाराने कमाईवर काय परिणाम झाला ते साध्या शब्दांत लिहिलेले असावे. कोर्टांचा सारा इतिहास एवढे तरी शिकवतो की कागदावर आलेले दुःखच त्यांना दिसते.

३५/
आणि ही विनंती करण्यात लाज नाही. जिथे आजार लपवला जातो, तिथे तगादा आणखी खोल रुततो. महाराष्ट्राने तर कर्जापायी गेलेली शेतकऱ्यांची घरेच्या घरे पाहिली आहेत. आपल्यापैकी कोणी, किंवा आपल्या घरातले कोणी, शैक्षणिक कर्जाच्या नाहीतर मोबाइल ॲपवरच्या कर्जाच्या ओझ्याने खचत असेल, तर सावकाराशी बोलण्याआधी माणसांशी बोला. ‘टेलि-मानस’ ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

३६/
शेवटी पुन्हा ते पत्र. पेशवाईचा पहिला सेनानी आपल्या गुरूला आणि धनकोला कपाळ झिजल्याचे सांगत होता. शास्त्राने त्याला उत्तर दिले असते ते असे की, फेडता आले नाही तर मुलगा फेडील. आणि तसेच झाले. त्या दुःखाला निदान उसंत मिळावी, हे लेखी कायद्यात यायला पुढची जवळजवळ तीनशे वर्षे लागली, आणि तेही साता समुद्रांपलीकडे. आपल्याकडचे पान अजून कोरे आहे.

(थ्रेड समाप्त. तुमच्या गावाकडे जुनी कर्जखते, सावकारी वह्या किंवा तहकुबीचे हुकूम जपलेले असतील तर जरूर कळवा. त्यांवर स्वतंत्र थ्रेड लिहिता येईल.)